मार्च मॅडनेसमधली सिंड्रेला कुणी पळवली?

बॉयलर_बापू | ५ जुलै २०२५

इथे क्रिकेटच्या धाग्यांना तोटा नाही, म्हणून जरा वेगळा विषय काढतो. अमेरिकेतल्या मंडळींना मार्च मॅडनेस माहीत असेलच. कॉलेज बास्केटबॉलची बाद फेरीची स्पर्धा, तीन आठवडे, ६८ संघ. ऑफिसात सगळे ब्रॅकेट भरतात, म्हणजे कोण कुणाला हरवेल याचा अंदाज. गेली बारा वर्षं मीही भरतोय आणि दर वर्षी हरतोय. यंदाही हरलो. पण यंदाच्या हरण्यात मजा नव्हती.

यंदा शेवटच्या १६ संघांत एकही छोटं कॉलेज नव्हतं. १६ पैकी ७ एसईसीचे, ४ बिग टेनचे, ४ बिग ट्वेल्वचे आणि एकटं ड्यूक एसीसीचं (हे सगळे बड्या कॉलेजांचे गट). शेवटच्या चारांत ऑबर्न, ड्यूक, फ्लोरिडा, ह्यूस्टन, चारही आपापल्या विभागात पहिल्या मानांकनाचे. असं याआधी फक्त २००८ मध्ये झालं होतं.

ऑफिसातल्या सहकाऱ्यांचं म्हणणं, याला दोन गोष्टी कारणीभूत. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नाव-चेहऱ्यावर पैसे कमावता येऊ लागले (एनआयएल). आणि त्याच सुमारास ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) मोकळं झालं. पूर्वी कॉलेज बदललं की वर्षभर बाकावर बसावं लागायचं. २०२१ मध्ये एकदा बदलायची सूट मिळाली आणि २०२४ पासून कितीही वेळा बदला. आता तर ६ जूनला कोर्टाने तो मोठा समझोता मंजूर केला, म्हणजे या १ जुलैपासून कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

मी पर्ड्यू विद्यापीठाचा. सिंड्रेलांनी, म्हणजे बड्यांना हरवणाऱ्या छोट्या संघांनी, सगळ्यात जास्त आम्हालाच चोपलंय. २०२१ मध्ये तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्ससने, २०२२ मध्ये पंधराव्या सेंट पीटर्सने, २०२३ मध्ये तर सोळाव्या फेअरले डिकिन्सनने. त्यामुळे सिंड्रेला मेली तर खरं म्हणजे मी पेढे वाटायला हवेत. पण वाईट वाटतंय. तुम्हाला काय वाटतं, पैशाने खेळ बिघडला का?

---

चिंतामणी_सदाशिवपेठी | ५ जुलै

सिंड्रेला म्हणजे ती चपलेची ना? आणि "सोळाव्या मानांकनाचा" म्हणजे ६८ संघांत सोळावा? मग तर चांगलाच संघ झाला की.

---

बॉयलर_बापू | ५ जुलै

नाही काका. चार विभाग असतात, प्रत्येकात १ ते १६ मानांकन. म्हणजे सोळावा हा विभागातला तळाचा. १९८५ पासून पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवल्याच्या घटना दोनच. २०१८ मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला ७४-५४ असं धुतलं, आणि २०२३ मध्ये आमचा तो प्रसंग, ६३-५८. आमच्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी, समोर सबंध डिव्हिजन वनमधला सरासरीने सर्वांत बुटका संघ. अजून झोपेत आठवतं.

---

चिंतामणी_सदाशिवपेठी | ५ जुलै

कळलं. रोमात बसतो, म्हणजे नुसतं वाचतो. चहा ठेवलाय.

---

न्यूअर्क_अ‍ॅव्हेन्यू | ५ जुलै

सेंट पीटर्स आमच्या जर्सी सिटीचं! इंडिया स्क्वेअरमध्ये भाजी घ्यायला येणाऱ्या निम्म्या मराठी लोकांना ते कॉलेज आहे हेच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. २०२२ मध्ये त्यांनी आधी केंटकीला पाडलं, मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला (सॉरी बापू). पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत, इतिहासात पहिल्यांदा. मोर हे त्यांचं चिन्ह, आमच्या बिल्डिंगचा गार्डसुद्धा मोरपंखी शर्ट घालून आला होता.

पुढे काय झालं ते ऐका. स्पर्धा संपते न संपते तोच कोच शाहीन हॉलोवे जवळच्याच सीटन हॉलला गेला. मग मिशीवाला डग एडर्ट ब्रायंटला, दोघं भाऊ ला सालला, एक जण कोचच्या मागोमाग सीटन हॉलला. उन्हाळा संपेपर्यंत त्या संघातले गाजलेले चेहरे पांगलेले. लग्नघरातला मांडव दुसऱ्या दिवशी उतरवतात ना, तसं.

---

रुळावरचा_डबा | ६ जुलै

न्यूअर्क, तुमच्याच प्रतिसादात उत्तर आहे. आधी कोच गेला. तो गेला त्याला "करिअर" म्हणायचं आणि विशीतला मुलगा गेला की "निष्ठा उरली नाही"? कोचना कधी वर्षभर बाकावर बसवलं होतं का? कोट्यवधी डॉलरचे करार करून ते दर उन्हाळ्यात उड्या मारत होतेच.

एनसीएएचा (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचा) टीव्ही करार २०३२ पर्यंतचा आहे आणि तो अब्जावधींचा. ते पैसे ज्यांच्या घामावर, त्यांना मिळायची शिष्यवृत्ती आणि जेवण. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ९-० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला, तोही उगाच नाही. शेतकऱ्याला भाव मिळाला की भाजी महागली म्हणून ओरडणारे आणि हे प्रेक्षक, एकाच माळेचे मणी.

---

बॉयलर_बापू | ६ जुलै

डबेवाले, मुलांना पैसे मिळू नयेत असं मी म्हटलेलंच नाही. चुरस कमी झाली का, एवढंच विचारतोय.

---

आयोवाची_अनू | ६ जुलै

यंदा छोटे संघ अगदीच नव्हते असं नाही. पहिल्या फेरीत मॅकनीझने क्लेमसनला, कोलोरॅडो स्टेटने मेम्फिसला आणि ड्रेकने मिझुरीला हरवलं. आता या तिन्ही संघांचे कोच कुठे आहेत ते बघा. मॅकनीझचा विल वेड नॉर्थ कॅरोलिना स्टेटला, कोलोरॅडो स्टेटचा निको मेदवेद मिनेसोटाला, ड्रेकचा बेन मॅककॉलम आमच्या आयोवाला. तिघेही महिन्याभरात गेले.

ड्रेकची गोष्ट तर सांगायलाच हवी, मी डे मॉइनमध्ये राहते. मॅककॉलम आधी नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटला होता, म्हणजे खालच्या डिव्हिजन टूमध्ये. ड्रेकला येताना तिथले चार खेळाडू घेऊन आला. वर्तमानपत्रं हसली. त्या मुलांनी मोसमात ३१ सामने जिंकले! त्यातला बेनेट स्टर्ट्झ, जो एकेकाळी डिव्हिजन टूच्या वर कुणाला नको होता, तो जवळपास प्रत्येक सामन्यात पूर्ण चाळीस मिनिटं खेळायचा. आणि आता तोही कोचबरोबर आयोवाला.

म्हणजे बापू, सिंड्रेला मेली नाहीये. दर वर्षी तिला राजवाड्यातच नोकरी लागते.

---

न्यूअर्क_अ‍ॅव्हेन्यू | ६ जुलै

अनू 👏 मॅकनीझचा तर स्पीकर खांद्यावर घेऊन संघापुढे नाचत चालणारा विद्यार्थी मॅनेजरसुद्धा गाजला, त्यालाही जाहिराती मिळाल्या, आणि तोही वेडच्या मागे गेला. बॉल पुसणाऱ्यापर्यंत पोर्टल पोचलंय.

---

चिंतामणी_सदाशिवपेठी | ६ जुलै

आमच्या वेळी कॉलेजच्या संघाला सामन्यानंतर एक केळं आणि अर्धं अंडं मिळे. अंडं न खाणाऱ्यांना दोन केळी. याला एनआयएल म्हणता येईल का?

---

अर्थशास्त्रज्ञ_पण_गरीब | ७ जुलै

जरा मेगाबायटी प्रतिसाद, माफी.

१९५६ मध्ये सायमन रॉटेनबर्गने बेसबॉलबद्दल एक मुद्दा मांडला होता. त्या वेळी खेळाडू क्लबला बांधलेला असायचा. मालक म्हणायचे, खेळाडू मोकळे केले तर श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू उचलतील. रॉटेनबर्ग म्हणाला, बांधून ठेवले तरी शेवटी खेळाडू जिथे त्याची किंमत सर्वांत जास्त तिथेच पोचतो. फरक इतकाच की तो फरकाचा पैसा खेळाडूच्या खिशात जातो की मालकाच्या.

कॉलेजात हे थोडं वेगळं आहे, कारण खेळाडू विकता येत नव्हता. छोट्या कॉलेजला चुकून हिरा सापडला तर तो चार वर्षं तिथेच राहायचा. म्हणजे बंधन हेच छोट्या कॉलेजचं भांडवल होतं! २००८ मध्ये स्टेफ करी (पुढे एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेला) डेव्हिडसनला होता. मोठ्या कॉलेजांनी त्याला बारका म्हणून सोडलेलं. त्याने दहाव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत नेला आणि कॅन्ससशी ५९-५७ असा हरला. त्या वेळी तो दुसऱ्या वर्षाला होता. आजच्या नियमात तिसऱ्या वर्षी तो डेव्हिडसनला राहिला असता का, ते तुम्हीच ठरवा. (यंदा मार्चमध्ये तो डेव्हिडसनचाच सहाय्यक जनरल मॅनेजर झालाय. कॉलेज संघाला जनरल मॅनेजर! सेंट बोनाव्हेंचरने तर बातम्या फोडणाऱ्या वोजनारोव्स्कीलाच त्या खुर्चीत बसवलं.)

आता दुसरी बाजू. "पूर्वी चुरस होती" हे कितपत खरं? जॉन वुडनच्या यूसीएलएने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदं घेतली, त्यातली सात ओळीने. तेव्हा ना पोर्टल ना पगार.

आणि पैसे तेव्हाही होते, पाकिटात. २०१७ मध्ये एफबीआयने धाडी घातल्या ते आठवत असेल. लुइव्हिलचं २०१३ चं अजिंक्यपद वेगळ्याच प्रकरणात काढून घेतलं गेलं. नियम पाळणारे मागे आणि मोडणारे पुढे, ही कुठली चुरस?

---

रुळावरचा_डबा | ७ जुलै

+१. "गरीब" हे नाव बदला, प्रतिसाद श्रीमंत आहे.

---

ऑरेंजसिटी_वासी | ७ जुलै

नागपूरहून नमस्कार. बास्केटबॉल शाळेत खेळलो तेवढाच, पण वाचताना सारखं विदर्भ आठवतंय.

रणजी करंडकात विदर्भ म्हणजे वर्षानुवर्षं इतरांना गुण वाटणारा संघ. मग पाहुणे खेळाडू आले. वासिम जाफर मुंबई सोडून आला, कोच चंद्रकांत पंडित आले, आणि २०१७-१८ व २०१८-१९ असे लागोपाठ दोन करंडक. यंदा पुन्हा जिंकलो, अंतिम सामन्यात केरळविरुद्ध करुण नायरने ८६ आणि १३५ केल्या. कर्नाटकातून आलेला माणूस! म्हणजे खेळाडूला हलायची मोकळीक असली की छोटा संघ वर येऊ शकतो, फक्त खालीच जातो असं नाही.

पण नुसत्या पाहुण्यांवर झालं नाही हेही खरं. यंदा हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, तो रणजीच्या एका मोसमातला विक्रम. तो घरचाच.

---

दादर_फास्ट | ७ जुलै

वासी, जाफर आमचा, पंडित आमचे. करंडकाचा अर्धा भाग कुरिअरने पाठवा.

---

ऑरेंजसिटी_वासी | ७ जुलै

संत्री पाठवतो.

---

मांडवीतीर | ७ जुलै

आणि गोव्याला काय? एप्रिलमध्ये यशस्वी जैस्वालने मुंबईकडे ना-हरकत प्रमाणपत्र मागितलं, आम्ही हारतुरे तयार ठेवले, मे महिन्यात त्याने अर्ज मागे घेतला. तुमच्या पोर्टलमध्ये नाव घालून परत काढतात, तसंच ना हे?

---

बॉयलर_बापू | ७ जुलै

😂 अगदी तसंच, मांडवीतीर. फक्त इथे वर्षाला दोन हजारांहून जास्त पुरुष खेळाडू नाव घालतात आणि संघ आहेत साडेतीनशेच्या आसपास.

वासींचा मुद्दा मात्र मला विचारात पाडतोय. २०२३ ची शेवटची चार आठवा. यूकॉन (४), सॅन डिएगो स्टेट (५), मायामी (५), फ्लोरिडा अटलांटिक (९). मानांकन सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच १, २, ३ पैकी कुणीही नाही! आणि तेव्हा पोर्टल, एनआयएल दोन्ही सुरू झालेलं होतं. म्हणजे दोन वर्षांत एकच औषध दोन उलट परिणाम देतंय?

---

फेअरफॅक्स_फौजदार | ८ जुलै

मायामीचं नाव निघालं म्हणून लिहितो. माझी पोरं जॉर्ज मेसनला शिकली, त्यामुळे जिम लारान्यागा आमच्या घरी देवघरातच असायचा. २००६ मध्ये त्याने मेसनला, अकराव्या मानांकनाच्या संघाला, शेवटच्या चारांत नेलं. सिंड्रेला या शब्दाचा फोटो काढायचा तर तो संघ.

मग तो मायामीला गेला आणि २०२३ मध्ये त्यांनाही शेवटच्या चारांत नेलं. त्या संघात नायजेल पॅक होता, कॅन्सस स्टेटहून आलेला. त्याचा करार एका उद्योगपतीने जाहीरच केला, दोन वर्षांचे ८ लाख डॉलर आणि वर गाडी. म्हणजे म्हाताऱ्याला नवा खेळही जमला. आणि तोच माणूस डिसेंबर २०२४ मध्ये, मोसमाच्या मध्यात, थकलो म्हणून बाजूला झाला. त्याने सांगितलं की शेवटच्या चारांत पोचल्यावर लगेच आठ खेळाडू निघून जायला तयार झाले, खूष असूनही. त्याआधी ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियाच्या टोनी बेनेटनेही मोसमाच्या तोंडावर सोडलं होतं.

दोन्ही युगांत जिंकलेल्या माणसाने असं म्हणावं, मला त्यात तथ्य वाटतं. डबेवाल्यांना वाटणार नाही.

---

रुळावरचा_डबा | ८ जुलै

फौजदार, मान राखून सांगतो, ७५ वर्षांचा माणूस निवृत्त झाला. यात विशेष काय?

---

फेअरफॅक्स_फौजदार | ८ जुलै

विशेष हे की तो ७३ व्या वर्षी शेवटच्या चारांत होता.

---

खडूफळा | ८ जुलै

मी इथे एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात गणित शिकवते (नाव नको). वर्गात बास्केटबॉलचे खेळाडू असतात. गेल्या वर्षी एक मुलगा होता, चार वर्षांत तिसरं कॉलेज. हुशार होता, पण आधीच्या दोन ठिकाणचे निम्मे विषय आमच्याकडे धरलेच जात नव्हते. त्याने मला विचारलं, "मॅम, मी नेमका कितव्या वर्षाला आहे?" खरंच कुणालाच नीट सांगता येईना. एप्रिलमध्ये त्यानेही पोर्टलमध्ये नाव घातलं. जाताना भेटून गेला, त्याच्या आईचं घराचं कर्ज फिटणार होतं.

मी काय सांगणार त्याला, कॅल्क्युलस पूर्ण कर म्हणून?

---

आयोवाची_अनू | ८ जुलै

खडूफळा, हे वाचून थांबले.

महिलांच्या खेळाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मीच. केटलिन क्लार्क चारही वर्षं आयोवातच राहिली. तिला घरच्या घरीच जाहिराती मिळत होत्या, मग कशाला हलेल? म्हणजे पैशामुळे खेळाडू थांबतोही. उलट एंजल रीस मेरीलँडहून लुइझियाना स्टेटला (एलएसयू) गेली आणि २०२३ च्या अंतिम सामन्यात आम्हालाच १०२-८५ ने हरवलं. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा अंतिम फेरीत हरलो, पण तो सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. चुरस वाढली की कमी झाली ते माहीत नाही, आमच्या सोसायटीतल्या मुली बास्केट मागायला लागल्या.

---

एफवन_फाटक | ९ जुलै

एक प्रश्न. माझी मुलगी पुण्यात जिल्हा पातळीवर खेळते, अमेरिकेत शिकायला पाठवायचा विचार आहे. हे पैसे परदेशी विद्यार्थ्यांना मिळतात का?

---

बॉयलर_बापू | ९ जुलै

फाटक, इथे मोठी गोची आहे. आमचा ईडी कॅनडाचा, २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ देशातला सर्वोत्तम खेळाडू. पण विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत काम करून पैसे घेण्यावर बंधनं, त्यामुळे त्याच्या तोडीच्या अमेरिकन मुलासारखं त्याला कमावता आलं नाही. केंटकीचा ऑस्कर शिबवे काँगोचा. संघ बहामाजला दौऱ्यावर गेला तेव्हा त्याने तिथे जाहिरातींची कामं उरकून घेतली! वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका.

---

चिंतामणी_सदाशिवपेठी | ९ जुलै

आमच्या ओळखीतल्यांची पोरं एफवनवर कॅम्पसच्या ग्रंथालयात आठवड्याला वीस तास पुस्तकं लावतात. यापुढे सात फूट उंचीची पोरं घाला म्हणावं.

---

अर्थशास्त्रज्ञ_पण_गरीब | ९ जुलै

बापूंच्या "एकच औषध, दोन परिणाम" या प्रश्नाकडे परत येतो.

माझ्या मते चुरस एक नसते, दोन असतात. एक वरच्या पंचवीस-तीस संघांतली. ती वाढली आहे. अजिंक्य फ्लोरिडा बघा: वॉल्टर क्लेटन आयोनाहून, विल रिचर्ड बेलमाँटहून, अलाइजा मार्टिन तर त्याच फ्लोरिडा अटलांटिकहून, २०२३ च्या सिंड्रेलातला! दोन-तीन उन्हाळ्यांत पारंपरिक बलाढ्य नसलेला संघ उभा करता येतो. नुसता पैसा ओतूनही होत नाही. वॉशिंग्टनने ग्रेट ओसोबोरला सुमारे २० लाख डॉलर दिल्याच्या बातम्या होत्या, संघ बिग टेनमध्ये तळाला राहिला. कोच रिक पिटिनोच्या सेंट जॉन्सने बिग ईस्ट जिंकली आणि दुसऱ्याच फेरीत दहाव्या मानांकनाच्या अर्कान्सॉकडून हरले.

दुसरी चुरस, वरचे तीस आणि खालचे तीनशे यांच्यातली. ती कमी होतेय. २०२३ मध्ये नवे नियम होते पण मुरलेले नव्हते, शिवाय कोव्हिडमुळे खेळायला मिळालेल्या जादा वर्षामुळे छोट्या कॉलेजांत तेवीस-चोवीस वर्षांचे जुने गडी अजून शिल्लक होते. आता ते संपले.

---

दादर_फास्ट | ९ जुलै

म्हणजे छोटी कॉलेजं रोपवाटिका. रोप वाढवायचं, कलम दुसऱ्याच्या बागेत.

---

ऑरेंजसिटी_वासी | ९ जुलै

पण वरून खालीही येतात ना? सगळी वाट एकाच दिशेची असेल असं वाटत नाही.

---

आयोवाची_अनू | १० जुलै

येतात. कोलोरॅडो स्टेटचा नीक क्लिफर्ड मोठ्या कोलोरॅडोतून तिथे गेला, तिथे फुलला आणि आत्ता जूनमध्ये एनबीएच्या पहिल्या फेरीत निवडला गेला. आणि त्यांच्या मेरीलँडविरुद्धच्या सामन्यात काय झालं बघा. शेवटच्या काही सेकंदांत कोलोरॅडो स्टेट एका गुणाने पुढे. डेरिक क्वीनने पळत, तिरका होत, बोर्डावर आपटून बॉल टाकला. ७२-७१. तो बॉल बाहेर गेला असता तर शेवटच्या सोळांत बारावं मानांकन असतं आणि बापूंनी हा धागा काढलाच नसता.

---

रुळावरचा_डबा | १० जुलै

हाच तर माझा मुद्दा. एका वर्षाच्या ब्रॅकेटवरून मर्तिक घालू नका.

---

फेअरफॅक्स_फौजदार | १० जुलै

एका बॉलवरून बारसंही घालू नका.

---

बॉयलर_बापू | १० जुलै

बऱ्याच जणांनी माझं मत हलवलं. मुलांच्या पैशावर माझा आक्षेप नव्हताच, खडूफळांचा प्रतिसाद वाचून तर अजिबात नाही. करारांची मुदत असावी एवढं मात्र वाटतं, दोन वर्षांचा करार केला तर दोन वर्षं राहा, कोचनेही. पण हे खेळाडूंना कर्मचारी म्हटल्याशिवाय जमणार कसं, आणि ते म्हणायला कॉलेजं तयार नाहीत.

फेअरले डिकिन्सनचा एक धागा जाता जाता. आम्हाला हरवल्यावर काही दिवसांतच त्यांचा कोच आयोनाला गेला. ती जागा रिकामी झाली कारण पिटिनो सेंट जॉन्सला गेला. आणि पिटिनो गेला म्हणून क्लेटनने आयोना सोडलं, फ्लोरिडाला आला, यंदा उपांत्य सामन्यात ३४ गुण केले आणि करंडक उचलला. एकाने खुर्ची बदलली आणि रांगच्या रांग हलली. संगीत खुर्चीच.

---

न्यूअर्क_अ‍ॅव्हेन्यू | १० जुलै

ते सगळं ठीक. तुमच्या ऑफिसचं ब्रॅकेट कोण जिंकलं ते सांगितलंच नाहीत.

---

बॉयलर_बापू | १० जुलै

लिहायचं टाळत होतो. पेरोलच्या बाई. आयुष्यात एक सामना बघितलेला नाही. भरायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी चारही विभागांत एक नंबरवर खुणा करून दिल्या.

---

चिंतामणी_सदाशिवपेठी | १० जुलै

पेरोलच्याच ना? मग पगार कुठे जातो ते त्यांनाच माहीत असणार.